लिहिलेले कुठे गेले? – संगणक शिकणाऱ्याचा पहिला प्रश्न

संगणक पहिल्यांदाच शिकणाऱ्या माणसाला आपण काय शिकवतो? बहुतेक पुस्तके एका आकृतीने सुरुवात करतात. मधे प्रक्रिया करणारा विभाग, डावीकडे माहिती आत घेणारी साधने, उजवीकडे माहिती बाहेर देणारी साधने, आणि त्यांना जोडणारे बाण. विद्यार्थी ही आकृती पाठ करतो, परीक्षेत तिचे गुणही मिळवतो. मग तो प्रत्यक्ष यंत्रासमोर बसतो आणि अर्ध्या तासात विचारतो, "सर, मी आत्ताच लिहिले होते, ते कुठे गेले?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. पाटीवर, वहीत किंवा फळ्यावर लिहिलेले जिथे लिहिले तिथेच राहते आणि तिथेच दिसते. संगणकाचे तसे नाही. समोर दिसणारा मजकूर कुठेही साठवलेला नसेल, असे होऊ शकते. साठवलेला मजकूर दिसत नसेल, असेही होते. कधी एकाच मजकुराच्या तीन प्रती तीन ठिकाणी असतात आणि तिन्ही वेगळ्या असतात. म्हणून "माझे काम आत्ता कुठे आहे?" या प्रश्नाचे उत्तर ज्याला देता येते, त्याला संगणकाची ओळख झाली असे म्हणायला हरकत नाही. बाकीच्या गोष्टी सरावाने येतात.

परभणी जिल्ह्यातील पूर्णा तालुक्यात ताडकळस हे गाव आहे. गावाला कृषी उत्पन्न बाजार समिती आहे, त्यामुळे आसपासच्या गावांचा येथे राबता असतो. अशा गावात आज संगणकाशी अजिबात संबंध नाही असे घर सापडणे कठीण. सातबाराचा उतारा, पीक विमा, मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, शाळेची यूडायसची माहिती, सगळे संगणकावरून जाते. पण हा संबंध बहुधा दुसऱ्याच्या हातून येतो. केंद्रावरचा मुलगा अर्ज भरतो आणि आपण शेजारी उभे राहून नाव, गट क्रमांक, खाते क्रमांक सांगतो. सांगितलेले कुठे नोंदले गेले, पुढे पोचले की नाही, त्याची प्रत कोणाकडे राहिली, हे विचारावे असे आपल्याला सुचतही नाही. अर्जाची मुदत टळून गेल्यावर कळते की तो गेलाच नव्हता. संगणकाचे अज्ञान महाग पडते ते असे.

या लेखात आपण एकच शब्द घेऊ: ताडकळस. तो कळफलकावर टाइप करायचा आणि तिथून तो कुठे कुठे जातो याचा माग काढायचा.

कळ दाबली तेव्हा

कळफलकाच्या आत कळांखाली आडव्या आणि उभ्या वाहक रेषांची जाळी असते. एखादी कळ दाबली की एक आडवी आणि एक उभी रेषा एकमेकींना जोडली जाते. कळफलकातील एक लहानशी चिप या जाळीवरून सारखी नजर फिरवत असते. जोड सापडला की ती संगणकाला कळवते, "अमुक क्रमांकाची कळ खाली गेली." बोट उचलले की कळवते, "ती कळ वर आली." कळफलकाचे काम इथे संपते.

येथे नवशिक्याने एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. कळफलक 'त' पाठवत नाही, आणि त्या कळेवर छापलेले रोमन 'एल'ही पाठवत नाही. तो फक्त कळेचा क्रमांक पाठवतो. त्या क्रमांकाला कोणते अक्षर समजायचे हे संगणकातील एक कोष्टक ठरवते. इंग्रजीचे कोष्टक चालू असेल तर त्याच कळेने 'एल' उमटतो, मराठीचे चालू असेल तर 'त'. "काल मराठी येत होते, आज येत नाही" या तक्रारीत कळफलक बहुधा निर्दोष असतो, कोष्टक बदललेले असते. विंडोजमध्ये मराठी आधीच जोडलेली असेल तर विंडोजची कळ दाबून धरून स्पेसबार दाबला की कोष्टक बदलते. सध्या कोणते चालू आहे याची खूण पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात दिसते. टाइप करण्यापूर्वी त्या कोपऱ्याकडे पाहण्याची सवय पहिल्या दिवशीच लावावी.

मराठीसाठी इनस्क्रिप्ट हे प्रमाण कोष्टक आहे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ते १९८६ मध्ये प्रमाणित केले. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मूळ काम आय.आय.टी. कानपूर येथे झाले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने ते वाढवले. मराठी शिकवणाऱ्या शिक्षकाने या कोष्टकाची मांडणी अवश्य पाहावी, कारण ती वर्णमालेवरच बेतलेली आहे. स्वर आणि त्यांची चिन्हे डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे. 'क' ज्या कळेवर, त्याच कळेवर शिफ्टसह 'ख'. 'ग'च्या कळेवर शिफ्टसह 'घ'. हीच रीत त-थ, द-ध, ट-ठ, ड-ढ, च-छ, ज-झ, प-फ, ब-भ यांची. म्हणजे शिफ्ट दाबली की अल्पप्राणाचा महाप्राण होतो. ज्याला वर्णमालेची ही रचना ठाऊक आहे, त्याचे निम्मे पाठांतर वाचते.

या मांडणीने 'ताडकळस' असा येतो: एलच्या कळेने त, ईच्या कळेने काना, पीच्या शेजारच्या चौकटी कंसाच्या कळेने ड, केच्या कळेने क, शिफ्टसह एनच्या कळेने ळ आणि एमच्या कळेने स. डोळ्यांना पाच अक्षरे दिसतात, कळा मात्र सहा वेळा दाबल्या, कारण काना वेगळा मोजला गेला.

काही जण रोमन अक्षरांत उच्चार लिहून मराठी मिळवतात. ती पद्धतही चालते. पण रोमन लिपीत ल आणि ळ यांना वेगळी अक्षरे नाहीत. त्यामुळे 'ताडकलस' उमटले तर ते आपल्या नजरेला खटकले पाहिजे आणि योग्य पर्याय निवडता आला पाहिजे. यंत्राच्या दृष्टीने 'ताडकलस' हाही एक शब्दच असतो.

अक्षरांचे आकडे

कळेवरून अक्षर ठरले, पण संगणकाच्या आत अक्षर ठेवता येत नाही. तेथे असतात असंख्य सूक्ष्म खण, आणि प्रत्येक खणाच्या फक्त दोन अवस्था. त्यांना आपण ० आणि १ म्हणतो. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो आणि तो क्रमांक ० आणि १ यांनी लिहावा लागतो.

हे क्रमांक सगळ्या जगासाठी एकच असावेत म्हणून युनिकोड ही पद्धती तयार झाली. तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तीत देवनागरीचा समावेश होता. देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ या १२८ जागा राखून ठेवल्या आहेत. त्यांची मांडणी भारतात आधी तयार झालेल्या इस्की या संकेतावरून घेतलेली आहे. या पद्धतीत ताडकळस म्हणजे पुढील सहा क्रमांक:

त – २३४०, काना – २३६६, ड – २३३७, क – २३२५, ळ – २३५५, स – २३६०.

'क'चा २३२५ हा क्रमांक दोनच्या पायावर लिहिला तर १००१०००१०१०१ होतो. आठवीच्या विद्यार्थ्याला हे ताडून पाहता येईल: २०४८ + २५६ + १६ + ४ + १ = २३२५.

आता एक प्रयोग करू. विंडोजमधील नोटपॅड उघडा, ताडकळस एवढाच शब्द टाइप करा, एंटर दाबू नका, आणि फाईल साठवा. मग त्या फाईलवर माउसचे उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज पाहा. 'साइज'समोर १८ बाइट दिसतील. सध्या बहुतेक मजकूर यूटीएफ-८ या रीतीने साठवला जातो आणि तीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. सहा चिन्हे, प्रत्येकी तीन बाइट, एकूण अठरा. (जुन्या विंडोजवर साठवताना यूटीएफ-८ स्वतः निवडावे लागते आणि सुरुवातीला तीन बाइटची एक खूण जोडली जाते, म्हणून तेथे २१ दिसतील.) गावाचे नाव रोमन आठ अक्षरांत लिहिले तर फाईल ८ बाइटची होते, कारण रोमन अक्षराला एकच बाइट पुरतो.

दुसरा शब्द घेऊ: पूर्णा. ऐकायला अक्षरे दोनच, पू आणि र्णा. पण आत आहेत प, दीर्घ ऊकार, र, हलन्त, ण, काना, म्हणजे पुन्हा सहा चिन्हे. रफार पडद्यावर 'ण'च्या डोक्यावर दिसतो, तरी साठवणीत 'र' हा 'ण'च्या आधी असतो, जसा तो उच्चारात असतो. शब्दाच्या शेवटी कर्सर ठेवून बॅकस्पेस एकेकदा दाबत जा. बहुतेक ठिकाणी काना जातो, मग ण जातो, मग रचाचा पाय मोडणारा हलन्त जातो, आणि शब्द एकेक चिन्हाने उलगडत जातो. ऱ्हस्व इकाराचेही असेच. 'शि' लिहिताना आधी श आणि मग इकार टाइप करायचा. तो श च्या डावीकडे काढण्याचे काम टंक, म्हणजे फाँट, करतो. पडद्यावर दिसते ते अक्षराचे चित्र आणि साठवला जातो तो क्रमांक, हा फरक येथे डोळ्यांनी दिसतो.

हा फरक केवळ अभ्यासापुरता नाही. ऱ्हस्व उकाराचा क्रमांक २३६९ आणि दीर्घ ऊकाराचा २३७०. माणूस 'पुर्णा' आणि 'पूर्णा' दोन्ही एकच समजतो. यंत्राला तंतोतंत जुळणारा शब्द शोधायला सांगितले तर ते एकाला दुसरा मानत नाही. शाळेच्या नोंदवहीत एक नाव, आधार कार्डावर दुसरे आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात तिसरे असले की पुढे धावपळ होते, तिचे मूळ अनेकदा अशा एका चिन्हात असते. शुद्धलेखनाचा तास कशासाठी, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला दाखवायला हे चांगले उदाहरण आहे.

१९९०च्या दशकातील मराठी फाईली आज उघडल्यावर रोमन अक्षरांचा गोंधळ का दिसतो, तेही यावरून कळते. त्या काळी बऱ्याच मराठी टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी चित्रे बसवलेली असत. कृतीदेव या टंकात रोमन लहान 'डी'च्या जागी 'क'चे चित्र आहे. तो टंक असेपर्यंत पडद्यावर क दिसतो, पण फाईलमध्ये असतो १०० हा क्रमांक, म्हणजे 'डी'च. टंक नसलेल्या संगणकावर फाईल नेली की खरे काय साठवले होते ते उघडे पडते. असा मजकूर नष्ट झालेला नसतो. टंक कोणता होता हे ठाऊक असेल तर रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीने तो युनिकोडमध्ये आणता येतो. शाळेत जुन्या स्मरणिका, निकालपत्रके अशा फाईलींत पडून असतील तर टंकाचे नाव माहीत असलेली माणसे आहेत तोवर हे काम करून घ्यावे.

फळा आणि वही

शब्दाचे सहा क्रमांक झाले. ते ठेवले कुठे? आपण 'साठवा' अशी आज्ञा देईपर्यंत ते असतात संगणकाच्या कामाच्या स्मृतीत, जिला रॅम म्हणतात. या स्मृतीतील प्रत्येक खण म्हणजे विद्युतभार धरून ठेवणारी अतिसूक्ष्म साठवण आहे. भार असला तर १, नसला तर ०. आय.बी.एम.मधील रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ मध्ये ही रचना सुचवली आणि १९६८ मध्ये तिचे पेटंट त्यांना मिळाले. तिच्यात एक अडचण मुळापासूनच आहे. हा भार गळत राहतो. झिरपणाऱ्या रांजणात जसे थोड्या थोड्या वेळाने पाणी भरावे लागते, तसा हा भार साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाला सुमारे पंधरा वेळा, पुन्हा भरावा लागतो. वीज असेपर्यंत संगणक हे काम न थकता करतो. वीज गेली की भरणे थांबते आणि रांजण रिकामा होतो.

डिस्क किंवा पेन ड्राइव्ह यांचे तसे नाही. हार्ड डिस्कवर ० आणि १ यांची नोंद चुंबकत्वाच्या दिशेने होते. पेन ड्राइव्हमध्ये इलेक्ट्रॉन विद्युतरोधक थराआड कोंडले जातात. या दोन्ही नोंदी वीज गेल्यावरही टिकतात.

मग सगळे काम थेट डिस्कवरच का करत नाहीत? कारण वेग. रॅममधील माहिती मिळायला सेकंदाच्या एक कोटीव्या भागाइतका वेळ लागतो. फिरत्या हार्ड डिस्कवर योग्य जागा गाठायला सेकंदाचा शंभरावा भाग लागू शकतो. म्हणजे फरक सुमारे एक लाख पटीचा. म्हणून काम स्मृतीत होते आणि ठेवणे डिस्कवर.

वर्गात हे सांगायला फळा आणि वही यांचे उदाहरण सोयीचे आहे. फळ्यावर आपण भराभर लिहितो, पुसतो, दुरुस्त करतो. तास संपला की फळा कोरा होतो. ज्याने वहीत उतरवून घेतले त्याच्याकडेच ते राहते. 'साठवा' ही आज्ञा म्हणजे फळ्यावरचे वहीत उतरवणे. दोन बाबी मात्र स्पष्ट कराव्यात. पहिली, वहीत उतरवल्यानंतर फळ्यावर केलेला बदल आपोआप वहीत जात नाही, पुन्हा उतरवावे लागते. दुसरी, फळ्यावरचे लिखाण दिवे गेल्यावरही राहते, संगणकाची स्मृती राहत नाही. उदाहरण येथे अपुरे पडते हे मुलांना सांगून टाकावे.

खेड्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. यूपीएस असेल तर तो काही मिनिटे देतो, आणि ती मिनिटे काम साठवून यंत्र नीट बंद करण्यासाठी असतात, काम पुढे रेटण्यासाठी नाहीत. यूपीएस नसेल तर दर परिच्छेदानंतर कंट्रोल दाबून धरून एस दाबावे. आजकाल काही आज्ञावल्या मजकूर आपोआप साठवतात, आणि नव्या विंडोजमधील नोटपॅड न साठवलेला मजकूरही सांभाळून ठेवते. मोबाइलवर तर साठवण्याची आज्ञा दिसतच नाही. सोय चांगली आहे, पण तीमुळे पंधरा वर्षांच्या मुलालाही आपले काम कोणत्या क्षणी आणि कोठे साठवले गेले हे सांगता येत नाही. आपोआप साठवले जात असेल तर ते कोठे, हा प्रश्न उरतोच.

नाव आणि जागा

साठवताना संगणक दोन गोष्टी विचारतो: नाव काय आणि कोणत्या फोल्डरमध्ये ठेवू. नवशिका घाईने 'ठीक आहे' म्हणतो. मग फाईल संगणकाने सुचवलेल्या नावाने, संगणकाने सुचवलेल्या जागी जाऊन बसते. दुसऱ्या दिवशी ती सापडत नाही. ती हरवलेली नसते. शाळेच्या कपाटात दाखल्यांची फाईल खिचडीच्या हिशेबांच्या गठ्ठ्यात ठेवली तर ती जशी सापडत नाही, तसेच हे.

म्हणून नाव असे द्यावे की फाईल न उघडता आत काय आहे ते कळेल. 'नवीन', 'नवीन १', 'अंतिम', 'अंतिम खरे' ही नावे काहीच सांगत नाहीत. 'हजेरी आठवी अ जुलै' हे नाव सांगते.

इंटरनेटवरून घेतलेली फाईल बहुधा 'डाउनलोड्स' या फोल्डरमध्ये जाते. तीच पुन्हा घेतली तर नावापुढे कंसात १ असा आकडा लागतो. तो आकडा म्हणजे "याच नावाची एक प्रत आधीच येथे आहे" ही सूचना. पहिल्या प्रतीत दुरुस्ती करायची आणि दुसरी पाठवायची, हा प्रकार कार्यालयांत नेहमी घडतो, कारण त्या आकड्याचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो.

'कॉपी' या आज्ञेने निवडलेला मजकूर एका तात्पुरत्या जागी जातो. साधारणपणे तेथे शेवटचीच वस्तू राहते, पुढचे काही कॉपी केले की आधीचे पुसले जाते. 'कट' केलेली फाईल 'पेस्ट' केल्यावर मूळ जागेवरून निघून जाते, 'कॉपी' केलेली दोन्हीकडे राहते. संगणकाच्या डिस्कवरून काढून टाकलेली फाईल सहसा रिसायकल बिनमध्ये जाते आणि तेथून परत आणता येते. पेन ड्राइव्हवरून काढलेली फाईल मात्र सहसा त्या टोपलीत जात नाही. ती थेट जाते. पेन ड्राइव्हवर असलेली एकुलती एक प्रत ही प्रत नसल्यासारखीच समजावी.

बिघडेल या भीतीने अनेक प्रौढ शिकणारे कळेला हात लावत नाहीत. त्यांना पहिल्या तासालाच कंट्रोल आणि झेड या जोडीची ओळख करून द्यावी. लिहिण्याच्या आज्ञावल्या आपली प्रत्येक कृती क्रमाने लक्षात ठेवतात, आणि ही जोडी दाबली की शेवटची कृती मागे घेतात. एक ओळ मुद्दाम पुसायला लावावी आणि परत आणायला लावावी. ओळ परत आलेली पाहिली की बोटे मोकळी होतात.

दुसऱ्याच्या संगणकावर

आता आपला शब्द गावाबाहेर पाठवू. समजा शिष्यवृत्तीच्या अर्जात गावाच्या रकान्यात 'ताडकळस' भरले. पडद्यावर शासनाची मुद्रा दिसते, म्हणून आपल्याला वाटते की शब्द शासनाकडे पोचला. बहुधा तो पोचलेला नसतो. पान तिकडून आपल्याकडे आलेले आहे आणि आपण भरलेले शब्द अजून आपल्याच संगणकाच्या स्मृतीत आहेत. पानावरील 'जतन करा' किंवा 'सादर करा' हे बटण दाबल्यावर ते जाळ्यावरून दूरच्या संगणकाकडे निघतात. तेथे नोंद झाली की तो संगणक उलट उत्तर पाठवतो आणि ते अर्ज क्रमांकाच्या रूपाने दिसते. मधेच जोडणी तुटली, किंवा फार वेळ काही न केल्याने तिकडच्या संगणकाने संबंध तोडला, तर रकाने भरलेले दिसूनही नोंद झालेली नसते.

'जतन' आणि 'सादर' यांतही फरक असतो. जतन केलेला अर्ज मसुदा म्हणून तिकडे राहतो, पण तपासणीसाठी पुढे जात नाही. म्हणून केंद्रावर अर्ज भरून घेणाऱ्या पालकाला शिक्षकाने एवढे शिकवावे: "झाले" या शब्दावर उठू नये. अर्ज क्रमांक मागावा, पावतीवर 'सादर' झाल्याचे वाचावे, आणि पावती घरी न्यावी.

'क्लाउड' किंवा 'ड्राइव्ह'वर ठेवलेली फाईल आकाशात नसते. ती दुसऱ्या कोणाच्या तरी इमारतीतील संगणकाच्या डिस्कवर असते. तेथे जाण्याची किल्ली म्हणजे आपला पासवर्ड. मोबाइलवर येणारा ओटीपी हीदेखील किल्लीच, फक्त एकदा आणि थोडा वेळ चालणारी. आपण आपल्या समोर अर्ज भरून घेत आहोत तेव्हा ओटीपी कशासाठी आला हे संदेशात वाचून मगच तो टाकावा. फोनवर कोणी मागितला तर सांगू नये, कारण किल्लीने कोणते दार उघडले जात आहे ते आपल्याला दिसत नसते. केंद्रावरच्या संगणकावर आपले खाते उघडले असेल तर उठताना ते बंद करावे, आणि तेथे उतरवलेल्या आधार कार्डाच्या, पासबुकाच्या प्रती 'डाउनलोड्स'मधून आणि रिसायकल बिनमधूनही काढायला सांगाव्यात. असे सांगणे हा संशय नव्हे. कपाट उघडे टाकून कोणी जात नाही, तसेच हे.

वर्गात कसे घ्यावे?

भारतातील शाळांत संगणक आणण्याचा पहिला मोठा कार्यक्रम 'क्लास' या नावाने १९८४ मध्ये सुरू झाला. त्यात बीबीसी मायक्रो हे संगणक दिले गेले. त्यांच्या मॉडेल बी या प्रकारात ३२ किलोबाइट स्मृती असे. आजच्या मोबाइलने काढलेले एक छायाचित्रही तीत मावणार नाही. पुढे महाराष्ट्रात २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्यातालुक्यांत पोचला. यंत्रे बदलली, पण लिहिलेले कुठे आहे हा प्रश्न तोच आहे.

१९९९ मध्ये सुगत मित्र यांनी दिल्लीतील कालकाजी भागात एका भिंतीत संगणक बसवला आणि तो वस्तीतील मुलांसाठी खुला ठेवला. शिक्षक नव्हता. मुले आपापसांत माउस हलवायला, खिडक्या उघडायला, चित्रे काढायला शिकली. या प्रयोगाच्या निष्कर्षांवर पुढे बरीच चर्चा झाली आहे. आपल्यापुरता त्यातून एवढा बोध घेता येतो की हाताचे कौशल्य मुले पाहून पाहून उचलतात, त्यासाठी तास खर्च करायला नको. स्मृती आणि डिस्क यांतला फरक मात्र पडद्यावर दिसत नाही. जे दिसत नाही ते दाखवणे हे शिक्षकाचे काम.

एक संगणक आणि चाळीस मुले असतील तरी ते जमते. तिघांचे गट करावेत. पहिला सांगणारा: काय करायचे ते तो शब्दांत सांगेल, यंत्राला हात लावणार नाही. दुसरा करणारा: सांगितले तेवढेच करील. तिसरा माग ठेवणारा: वहीत तीन रकाने आखील – 'स्मृतीत', 'या डिस्कवर', 'दुसरीकडे' – आणि प्रत्येक कृतीनंतर मजकूर कोणत्या रकान्यात आहे ते लिहील. शब्द टाइप केला, साठवला, आणखी एक शब्द जोडला, पेन ड्राइव्हवर प्रत घेतली, मूळ फाईलचे नाव बदलले. पाच कृतींनंतर गटांच्या वह्या ताडून पाहाव्यात. उरलेली मुले फळ्यावर तेच रकाने भरतील. मतभेद होतील, तेव्हा फाईल उघडून पाहावे. निकाल यंत्र देईल.

प्रौढांसाठीही हाच क्रम ठेवावा, फक्त मजकूर त्यांच्या कामाचा घ्यावा: बाजार समितीत नेलेल्या सोयाबीनचा हिशेब, बचत गटाची यादी, लग्नाची आमंत्रणे.

पाठ समजला की नाही हे पाहण्यासाठी खालील प्रश्न विचारता येतील. उत्तरात इंग्रजी संज्ञा आल्या नाहीत तरी चालेल.

१. दोन पाने लिहिली, एक पान झाल्यावर साठवले होते, आणि वीज गेली. काय उरले आणि काय गेले?

२. 'पूर्णा' शब्द शोधला, पण यादीत असूनही सापडला नाही. कोणकोणती कारणे असू शकतील?

३. पेन ड्राइव्हवरची फाईल तेथेच उघडून दुरुस्त केली आणि साठवली. घरच्या संगणकावरील प्रतीत दुरुस्ती दिसेल का?

४. जुनी मराठी फाईल उघडल्यावर रोमन अक्षरे दिसतात. ती फेकून द्यावी का?

५. अर्जाचे सगळे रकाने भरले आणि इंटरनेट बंद पडले. अर्ज कोठे आहे? तो पोचला असे कशावरून म्हणता येईल?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्याने घरी जाऊन आईवडिलांना समजावून सांगावे आणि घरातील शेवटच्या अर्जाची पावती शोधून तिच्यावरील क्रमांक वहीत उतरवून आणावा. हा गृहपाठ संगणक नसलेल्या घरातही करता येतो.